पट्ट्यावर आबांचं नाव

साताऱ्यातला आमचा फ्लॅट ज्या जमिनीवर उभा आहे, ती एका देवस्थानची. इमारत झाली तेव्हा तीस वर्षांच्या पट्ट्यावर घेतलेली. वडील तेव्हा फौजेतून नुकते निवृत्त झाले होते. तीस वर्षांनी बघायला कोण बसलंय, असं सगळेच म्हणायचे. बघायला आई बसली. वडील गेले, पट्टा संपत आला आणि जिन्यात नोटीस चिकटली : महिनाअखेरीपर्यंत मुदतवाढीचा अर्ज आला नाही, तर फ्लॅट देवस्थानकडे जमा. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सांगलीला माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणते, "येईन की चार दिस. पर मरायला हितंच."

अर्जावर सही हवी पट्टेदाराची. आणि पट्ट्यावर नाव आईचंही नव्हतं, वडिलांचंही नव्हतं. नाव होतं रहिमतपूरच्या आबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं. वडील सीमेवर असताना आबांनी शेत सांभाळलं, आजी-आजोबांची दुखणी काढली. म्हणून फ्लॅट स्वतः घेऊनही वडिलांनी नाव भावाचं लावलं. थोरला असताना आपण कसं पुढं व्हायचं, म्हणे. माणूस देवमाणूस असला की खेटे घरच्यांनी घालायचे, एवढं मला कळलंय.

खेटे मी तीन घातले. सांगलीहून सातारा, तिथून रहिमतपूर, एसटीत गुडघे आखडून. आबा नव्वदीला टेकलेत, पण कान-डोळे शाबूत. दर वेळी कागद हातात घ्यायचे, शेवटपर्यंत वाचायचे आणि घडी घालून परत द्यायचे.

"तुझ्या आयला म्हणावं, तू ये. तुझ्या तोंडानं सांग. मग करतो सही."

"आबा, आई तुमच्याशी कधी बोललीय का?"

"म्हाईत हाय मला."

भांडण वगैरे काही नव्हतं. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आबा सोप्यात आले की आई पदर सावरून आत. काही सांगायचं झालं तर वडिलांमार्फत, नाहीतर मला पुढं करून. "थोरल्यास्नी इचार, च्या ठेवू का?" आणि थोरले दोन हात अंतरावर बसलेले, सगळं ऐकत. पन्नास वर्षांवर हे चाललं. लहानपणी मला गंमत वाटायची, पुढं राग यायचा, आता नुसता कंटाळा येतो.

तिसऱ्या खेपेला मी चिडलेच. म्हाताऱ्या बाईला वाकवून तुम्हाला काय मिळणार, असं आबांना तोंडावर म्हटलं. त्यांनी कागद तेवढा घडी घालून परत दिला. मुदतीला चार दिवस उरले, तेव्हा मी हात टेकले आणि गाडी करून आईला रहिमतपूरला नेलं.

आई आतल्या दाराआड उभी राहिली, पदर डोक्यावर, आणि सवयीनं माझ्याकडं बघून म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, सही करा."

"तिला म्हणावं, मला सांग," आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "सहीचं काय न्हाई गं पोरी. सही कवाबी केली असती. माझा भाऊ गेला तवा हिच्याबिगर जवळ कोण नव्हतं. लय तळमळला का, काय मागितलं का, कायबी कळलं न्हाई मला. सा वर्सं झाली. ज्येला इचारावं त्यो ऐकीव सांगतोय. जिनं बघितलं, ती माझ्याशी बोलत न्हाई."

तीन खेपांत मी आबांना एकदाही 'का' म्हणून विचारलं नव्हतं. वडिलांच्या शेवटाचं आईलाही कधी नीट विचारलं नव्हतं. लाज वाटली.

आई दाराआडून पुढं आली आणि आबांच्या समोर जमिनीवर बसली. ती त्यांना काय म्हणून हाक मारणार, हे मला ठाऊक नव्हतं. हाक मारायची वेळच कधी आली नव्हती.

"आवं," ती म्हणाली, "तुमालाच बोलवा म्हणत हुते. दादाला फोन लाव, दादाला फोन लाव, एवढंच. तुमच्या घरच्या फोनला लावला बी मी. तुमी हॅलो म्हणालासा, आन मला बोलायलाच येईना. ठिवला मी फोन. मग हिला सांगलीला लावला, म्हटलं, तू कळव त्यास्नी. तवर आटपलं हुतं."

मी त्या दिवशी आबांना कळवलं होतं ते वडील गेल्याचंच.

आबांनी माझ्या हातातला कागद घेतला, मांडीवर ठेवला आणि एकेक अक्षर काढत सही केली. कागद परत दिला तो आईकडं.

"व्हय," ते म्हणाले. "त्या दिशी लय येळ हॅलो हॅलो करत उभा हुतो मी."