दिव्यांनी दाखवलेला कोपरा

खुटबावच्या आमच्या पोल्ट्रीच्या शेडला सकाळी आग लागली आणि दुपारपर्यंत गावानं निकालही लावून टाकला: वहिनींची शेगडी. थंडीत लाइट गेली की पिल्लांना ऊब मिळावी म्हणून वहिनी कोळशाची शेगडी आत ठेवायच्या. त्या दिवशी लाइट आली, त्या चहा टाकायला घरात गेल्या आणि मागं शेड पेटलं. माझ्या नाकावर राग कायमचाच. सगळ्यांदेखत म्हणालो, "तुमच्यामुळं पिल्लं मेली." चार दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

मग पुण्याहून आगीच्या तपासाला एक साहेब आले. किडकिडीत, हातात रंगाचा ब्रश. हा काय शोधणार, कप्पाळ, असं मला वाटलं. त्यांनी शेगडीभोवतीची राख हळूच सारली. खाली जमिनीवर अंथरलेलं भाताचं तूस पिवळंधमक, जसंच्या तसं.

"आग इथं वरून आलीय. इथंच लागली असती तर तळापर्यंत जळलं असतं," ते म्हणाले. "आता वर बघा."

छताखालच्या पाइपावर पिल्लांना ऊब देणारे पिवळे बल्ब ओळीनं उरले होते. प्रत्येकाची काच एका बाजूला फुगलेली, गालात सुपारी धरल्यागत, आणि सगळ्यांचे गाल एकाच दिशेला: मेन बोर्डाच्या कोपऱ्याकडं. आगीकडची काच आधी मऊ होते आणि आतला वायू तिला तिकडंच फुगवतो, असं साहेबांनी सांगितलं. आम्ही चार दिवस बोंबलत होतो आणि हे बल्ब मुकाट्यानं तिकडं तोंड करून होते. एवढं साधं, आणि एवढं अचाट!

बोर्डाची राख त्यांनी चिमटीनं उकरली. फ्यूजची तार शाबूत होती.

"भार वाढला की हिनं वितळायचं असतं. ही वितळली नाही, म्हणून लाइट आल्यावर वायरी तापून बोर्ड पेटला. एवढी जाड तार कुणी घातली?"

फ्यूज सारखा उडतो म्हणून मीच घातली होती, वर शहाणपणही मिरवलं होतं.

दारातून वहिनींचा आवाज आला, "साहेब, म्हंजी माज्या शेगडीनं न्हाई?"

"नाही, ताई."

"मंग ह्ये आबांफुडं सांगाल का? माज्या हातचं पानीबी घेत न्हाईत ते."

आबा, माझे वडील, अंगणात बसले होते.

"मी सांगतो, वहिनी," मी म्हणालो. "तार मी घातली."

त्या अंगणाकडं निघाल्या, ताठ मानेनं. मी त्यांच्या मागून गेलो.