शिळ्या चांदीचा उजेड

एकट्या रेणूचा उजेड इतका मंद असतो की चांगल्या सूक्ष्मदर्शकातही धड दिसत नाही. म्हणून त्याच्या शेजारी चांदीचे अतिसूक्ष्म कण ठेवायचे. ते त्याचा उजेड वाढवतात. रेणू कणाला चिकटला तर विझतो, लांब राहिला तर उपयोग शून्य. मधलं ते अंतर जमवण्यात माझी सहा वर्षं गेली. नवऱ्याची नोकरी म्हैसूरच्या एका टोकाला हेब्बाळला, घर हिनकलला आणि माझी पीएचडी अधांतरी, असं मीच हसत सांगायचे. पुढे पुढे हसूही येईना.

यंदा मात्र जमलं. पडद्यावर ठिपके लुकलुकायला लागले. एकटा रेणू असाच लुकलुकतो. नुसत्या चांदीची काचपट्टी तुलनेला लावली, ती काळीकुट्ट. आमच्या बाईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, त्यावर लिहिलेलं प्रबंधाचं प्रकरण वाचून पाठ थोपटली. सोमवारी प्रबंध द्यायचा ठरला.

शुक्रवारी कपाट आवरताना नुसत्या चांदीची एक जुनी पट्टी सापडली. टाकून देण्याआधी सहज बघितली, तर तीही लुकलुकत होती. तिच्यावर रेणू नव्हताच. तुलनेची पट्टी मी दर वेळी ताजी करायचे, आणि रेणू लावायला मात्र आठवड्यापूर्वीची उरलेली चांदी घ्यायचे, वाया जाऊ नये म्हणून. शिळी पोळी न टाकणाऱ्या घरातली मी. चांदी जुनी झाली की स्वतःच चमकू लागते, हे कधीतरी वाचलंही होतं. म्हणजे मी पाहिलेले ठिपके रेणूचे नव्हेत, शिळ्या चांदीचेच असणार. स्वतःचा संताप आला, पण तोही फार टिकला नाही.

शनिवारी जयलक्ष्मीपुरमला बाईंच्या घरी गेले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं; मराठी बोलताना कन्नड कधी शिरतं, त्यांनाही कळत नाही. सगळं ऐकून त्यांनी मी नेलेली जुनी पट्टी उचलून उजेडाकडे धरली.

"ही पट्टी आणि कुणी बघितली काय?"

"नाही."

"मग सुम्ने, गप्प बसली असतीस तर कुणाला गोत्तु होणार होतं?"

"कुणालाच नाही. पण मग ते जन्मभर सांभाळावं लागलं असतं, बाई. तेवढी ताकद नाही उरली."

प्रामाणिकपणा वगैरे मोठे शब्द मला सुचलेच नाहीत. मी फक्त दमले होते.

बाईंनी प्रबंधातून ते प्रकरण काढून बाजूला ठेवलं. उरलेली पानं हातात धरली. फारच थोडी होती.

"आयतु, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आणखी एक वर्ष कर ग."

मी हो म्हटलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडले.