निनादचं ऑपरेशन

नर्सनं त्याला हिरवा गाऊन घातला, तेव्हापासून पाच वर्षांचा माझा निनाद तो दोन्ही हातांनी गुडघ्याखाली ओढत बसला होता. हे लपवणं त्याला आम्हीच शिकवलं होतं.

त्याचं एक वृषण खाली उतरलेलं नाही, हे तो चार महिन्यांचा असताना आंघोळ घालताना माझ्या लक्षात आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "येईल आपोआप. कुणाला सांगत बसू नकोस." नवरा गप्प राहिला आणि मीही. आज सर्जन शांतपणे म्हणाले, "वर्ष-दीड वर्षाचा असतानाच आणायला हवं होतं. आता खाली आणून बसवू, पण ते पुढे किती काम करेल, हे सांगता येत नाही." साधं नाक वाहिलं तरी आम्ही त्याला दवाखान्यात पळवायचो. 'वृषण' हा एक शब्द मात्र पाच वर्षं घरात कुणाच्या तोंडून निघाला नाही. सगळ्यांचाच राग येत होता, सगळ्यात जास्त माझा.

त्याला आत नेलं आणि तासाभरानं गुंगीतच बाहेर आणलं. ऑपरेशन नीट झालं होतं. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, कसलं ऑपरेशन होतं त्याचं?"

मी चटकन "हर्नियाचं" म्हणून गेले.