लपवलेला "महाग"

माझ्या मनुक्यांच्या व्हिडिओंखाली, मीच धंदा शिकवलेला जुना भागीदार रोज "महाग माल, त्यात भेसळ" असं लिहायचा. मी तिथंच त्याच्यावर तुटून पडायचो आणि ते वाचून गिऱ्हाइकं बिचकायची. शेवटी मुलीनं माझ्या ब्राउझरमध्ये नको तो शब्द असलेल्या कमेंट लपवायची सोय केली.

"पप्पा, कुठला शब्द लपवू?"

"महाग!"

आठवडाभर डोकं शांत राहिलं, पण गिऱ्हाइकांची चौकशीही दिसेनाशी झाली. मुलगी हसली. "अहो पप्पा, भाव करणारा पहिल्यांदा हेच म्हणतो ना?"

मग तो शब्द काढून फक्त भागीदाराचं खातं लपवलं. तो अजून लिहितो म्हणे. लिहू दे, मी त्याला माफ केलेलं नाही. सध्या चांदवडच्या एका ताईंशी माझी मस्त घासाघीस चाललीय आणि त्या माल घेणारच आहेत.