तिकीट सरकेल एवढी फट

फोन आला तेव्हा मी रेल्वेच्या जुन्या डब्याच्या छपरावर होतो. रविवारची सकाळ, हातात डांबराचा ब्रश, अर्धं डांबर छपरावर आणि अर्धं माझ्या पँटीवर... "बाळूभाऊ, अब्बा गेले," शबाना म्हणाली. मग जरा थांबून, "तुमी छपरावर हाव का? आधी खाली उतरा." बाप गेलाय आणि हिला माझ्या पडण्याची काळजी! रशीदचाचांचीच लेक ती. माझ्या हातून कधी काय होईल, याची त्या घराला चांगलीच कल्पना होती.

रशीदचाचा माझ्या वडिलांचे दोस्त, रेल्वेच्या कारखान्यातले सुतार. येडशीकडून जाणारी छोट्या रुळांची गाडी बंद झाली आणि तिचा एक लाकडी डबा आमच्या गावच्या शाळेच्या आवारात येऊन उभा राहिला. बरीच वर्षं त्यात मोडके बाक आणि शेळ्या असत. चाचा निवृत्त झाले आणि दर रविवारी रंधा-पटाशी घेऊन तिथं जाऊ लागले. हळूहळू आम्ही चार-पाच जण त्यांना येऊन मिळालो. मी तहसीलमधला कारकून. फाइलीला टाचणी मारण्यापलीकडं हातात कधी हत्यार धरलेलं नाही. बायको म्हणाली, "घरातला नळ सहा महिने गळतोय, आणि निघाले रेल्वे दुरुस्त करायला." नळ अजून गळतो.

डब्याला बारा खिडक्या, प्रत्येकीला वर-खाली सरकणारी सागवानी झडप. झडप आणि तिची खाच यांच्यात किती फट ठेवायची, हे चाचा मोजपट्टीनं ठरवत नसत. त्यांच्या खिशात त्याच गाडीचं पुठ्ठ्याचं जुनं तिकीट असे. ते फटीतून वरपासून खालपर्यंत न अडता सरकलं, की झडप पास. तरी ते रंध्याचा एक हात आणखी मारत. "लाकूड पावसात फुगतंय बाळू," ते सांगत. "त्याला जागा ठिव. न्हायतर खिडकी कायमची बसली म्हणून समज."

मी समजलो नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात चाचा महिनाभर शबानाकडं नळदुर्गला गेले होते, आणि मला सहा झडपांचा खडखडाट काही सहन होईना. फटींमध्ये पातळ पट्ट्या ठोकल्या, वरून रंग दिला. काय झकास बसल्या! फोटो काढून चाचांना पाठवले. ते परतले तोवर पाऊस सुरू झाला होता. श्रावणात सहाच्या सहा झडपा जाम. मुख्याध्यापकांनी एक ओढून बघितली, तर मूठच हातात आली. त्यांना पोरांसाठी डब्यात वाचनालय करायचं होतं. ते म्हणाले, "चाचा, तुमच्याकडं बघून एक पावसाळा देतो. पुढच्या वेळी बाराही उघडल्या नाहीत, तर सगळ्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवणार." चाचा कधी कुणापुढं खाली बघत नसत... त्या दिवशी बघितलं. मुख्याध्यापक गेल्यावर चाचा झडपेवर हात फिरवून मला म्हणाले, "क्या किया रे बाळू? तुला गाडी दिली हुती, तू कपाट केलास."

तेव्हापासून खिडक्यांना हात लावायची मला बंदी. वर्षभर पितळी स्क्रू घासत बसलो. चाचांनी एकेक पट्टी उखडून पाच झडपा मोकळ्या केल्या. सहावी राहिली, कारण मधेच त्यांना दम लागायला लागला, आणि या उन्हाळ्यात खाट धरली.

जाण्याच्या आठवडाभर आधी भेटायला गेलो. उशाखालून तिकीट काढून त्यांनी घरातल्याच एका खिडकीकडं बोट केलं. मी तिकीट घालून बघितलं. "खाली अडतंय, चाचा." "मग माझ्याकडं काय बघतो? रंधा घे." मी रंधा मारत राहिलो आणि ते डोळे मिटून आवाज ऐकत राहिले. "हळू... रंधा हाय, शिक्का न्हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "बस." तिकीट परत उशाखाली गेलं. मला वाटलं, नापास झालो.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसानंतर शबाना डब्यापाशी आली. चष्म्याच्या डबीतून तिनं तिकीट काढलं. "अब्बा बोलले हुते, बाळूला दे. म्या म्हणलं, शेवटची खिडकी झाल्यावर देते. तर म्हणले, न्हाय, आधी दे."

त्या खिडकीला माझे तीन रविवार गेले. श्रावण लागला, चांगली चार दिवस झड लागली, आणि मुख्याध्यापक छत्री घेऊन आले. बघायला शबानाही आली होती. पहिल्या खिडकीपासून स्वतः एकेक झडप खाली सोडत निघाले. बाराव्या, म्हणजे माझ्या खिडकीपाशी मी बाहेर बघायला लागलो. झडप खाली गेली. त्यांनी वर ओढली, परत सोडली, आणि म्हणाले, "पुस्तकांची कपाटं कुठं लावायची, तेवढं सांगा." कपाट म्हटल्यावर शबाना, अब्बांनी तिला माझी गोष्ट सांगितलेलीच असणार, माझ्याकडं बघून इतकी हसली, की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला.

तिकीट आता माझ्या खिशात असतं. इतकी वर्षं फटीफटीतून फिरून त्याच्या कडा पातळ झाल्यात, त्यामुळं ते आता कमी फटीतूनही सरकतं. हे मला शेवटच्या खिडकीवर कळलं, आणि तिकीट सरकल्यावरही चाचा रंध्याचा एक हात जास्त का मारायचे, तेही कळलं. मीही मारतो. तिकीट झिजलंय, तेवढा.