चर्चखालचं गोडाऊन

खड्ड्यातली माती ट्रक येऊन घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते इथे आखातात, आमच्या खैतान वस्तीतल्या खोलीत साठत जातात. आठवीनंतर मी शाळा सोडली आणि चारचौघांत मला बोलताही येत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आम्ही खोदत होतो त्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुतेक केरळची माणसं येतात. खचलेली फरशी उचलली, तर खाली जुनी भिंत! फादर म्हणाले, "आपल्याही आधीचं चर्च आहे हे!" कमिटीचे चेअरमन वर्गीससाहेब म्हणाले, "गोडाऊन असेल." शेवटी ठरलं: पुरातत्त्ववाल्या मॅडमनी ईस्टरच्या आत ते चर्च असल्याचं दाखवलं, तर वर काच बसवून जपायचं. नाहीतर वाळू भरून नवी फरशी!

*

दाऊदचाचा आमचे मुकादम, दापोलीकडचे. फादर रोज सकाळी खड्ड्याच्या काठावर येऊन त्यांना विचारायचे, "दाऊदभाई, कुछ मिला?"

एकदा मडकं मिळालं. फादरनी डोळे मिटून छातीवर क्रूस केला. मॅडमनी आत पाहिलं. "स्वयंपाकाचं आहे. माशाचे काटे दिसतायत."

वर्गीससाहेब खूश! "बघा! चर्चमध्ये मासे कोण शिजवतं?"

फादर शांतपणे म्हणाले, "येशूचे पहिले शिष्य कोळीच होते!"

*

चाचा छोट्या ब्रशने भिंतीवरची माती झाडत होते, तेवढ्यात गावाहून चाचीचा व्हिडिओ कॉल.

"अहो, घरची भिंत कधी पुसली नाहीत, आणि तिथे परक्याची भिंत दातांच्या ब्रशाने घासताय?"

"नेटवर्क जातंय गं!" चाचा म्हणाले.

नेटवर्क फुल होतं.

*

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मोठी प्रार्थनाही शुक्रवारी. आदल्या दिवशी चर्चच्या बायका झाडलोट करतात. एका शनिवारी आम्ही खाली उतरलो, तर फिनाईलचा वास! भिंत चकाचक, कोपऱ्यातली माती गायब.

मॅडम डोकं धरून बसल्या. "ती माती मला तपासायची होती!"

झाडणाऱ्या अन्नम्माआंटी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी तपासली ना! शेकडो वर्षं कुणी झाडूच मारला नव्हता!"

*

शुक्रवारी सकाळी खड्ड्यावर प्लायवूड टाकायचं काम आमचं. एकदा मी विसरलेली थापी आणायला खाली उतरलो आणि वरून कुणीतरी शेवटची फळी सरकवली. लगेच घंटा वाजली. डोक्यावर सगळ्या गावाचे पाय, धूपाचा वास, गाणी. मी मोबाइलची बॅटरी लावून उकिडवा बसून राहिलो.

प्रार्थना संपल्यावर चाचांनी फळी उचलली आणि दचकले. "अरे, हाक का नाही मारलीस?"

"सगळे देवाला हाक मारत होते," मी म्हणालो. "मध्ये कसं बोलू?"

*

ईस्टर तोंडावर आला. पक्का पुरावा काही नाही. वाळूचा ट्रक दारात येऊन उभा राहिला. त्याच सकाळी मॅडमनी पूर्वेच्या टोकाची माती काढली, तर खाली गुळगुळीत, चुन्याची जमीन! फादर काठावरून म्हणाले, "वेदीची जागा आहे ही. चर्चची वेदी पूर्वेलाच असते."

"गोडाऊनलाही जमीन असते," वर्गीससाहेब म्हणाले. "थांबा, मीच बघतो."

साहेब खड्ड्यात पहिल्यांदाच उतरत होते. या चर्चमध्ये प्रार्थनेला येणारी माणसं पायताण बाहेर काढतात. पण खोदकाम चालू असताना आम्ही सगळेच, फादरसुद्धा, बुटांतच असायचो.

साहेब शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबले. वाकून नाड्या सोडल्या. मोजे बुटांत कोंबले. बूट हातात घेऊन, अनवाणी, त्या जमिनीवर उभे राहिले.



"गोडाऊनच आहे हे," ते शेवटी म्हणाले.

फादरनी वरून हळूच विचारलं, "मग बूट हातात कशाला?"

साहेबांनी बुटांकडे पाहिलं. मग चाचांकडे.

"दाऊदभाई, ट्रक परत पाठवा!"