अण्णांसारखं रिव्हॉल्व्हर

नांदेडच्या बंदुकीच्या दुकानात दुकानदार चाचांनी दोन रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवली आणि माझा धाकटा भाऊ ओरडलाच, "आक्का, अगं हे तर अण्णांच्या कमरेला होतं तसंच हाय की!"

खरंच तसंच होतं. जुनं विलायती, लांब नळीचं, मुठीचं लाकूड वापरून गुळगुळीत झालेलं. आमचे अण्णा फौजदार होते. रविवारी अंगणात घोंगडी टाकून ते रिव्हॉल्व्हर पुसायचे आणि आम्हा दोघांना जवळ फिरकू द्यायचे नाहीत. भूकंपात घर त्यांच्यावर पडलं. माझं उजवं मनगटही त्याच पहाटे मोडलं, ते अजून धड नाही. ती मूठ हातात धरली आणि दुकानात उभ्या उभ्या मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू?

दुसरं सरकारी कारखान्यातलं, सेकंडहँड. आखूड, काळं, प्लास्टिकच्या मुठीचं, नळवाल्याच्या पान्यासारखं दिसणारं. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच, आणि माझ्याजवळ पैसे एकापुरतेच.

हौस म्हणून नव्हते गेले मी. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा मी मुलींचं होस्टेल काढलं. हिमायतनगर, देगलूर, कुठकुठल्या पोरी डॉक्टर व्हायला येतात, आईबाप माझ्या भरवशावर सोडून जातात. वर्षभर मोटारसायकलवाल्यांची टोळकी गेटवर यायची. एकदा तर एक जण पाइपाला धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला. वॉचमन त्याच्या आधी पळाला. ठाण्यात सल्ला मिळाला, "मॅडम, पोरींना लवकर लाइट बंद करायला सांगा." का म्हणून? अभ्यास त्यांनी सोडायचा होय? मी लायसनचा अर्ज केला. कचेरीतले साहेब हसले. मी हेलपाटे घालत राहिले, शेवटी तेच दमले.

चाचांनी दोन्ही रिकामी असल्याची खात्री केली आणि भिंतीकडे धरून चाप ओढून बघायला सांगितलं. अण्णांसारखं होतं त्याचा चाप मला दोन्ही हातांनीसुद्धा ओढवेना, मनगटातून कळ गेली. काळ्याचा एका हातानं ओढला. टक्. पुन्हा टक्.

"बहनजी, हेच घ्या," चाचा म्हणाले.

भाऊ ऐकेना. "काय भंगार घेऊन राहिलीस आक्का? अण्णांची आठवण म्हणून तरी ते घे. तुला थोडंच चालवायचं हाय! नुसतं दिसलं तरी बास."

माझं डोकंच फिरलं. कचेरीतल्या साहेबांना, ठाण्याला, आता सख्ख्या भावालाही हेच वाटत होतं. बाईनं बंदूक घ्यायची ती कपाटात ठेवून हळदकुंकू वाहायला!

"अण्णांची आठवण माझ्याजवळ लई हाय," म्हणलं, "तिला लायसन लागत न्हाई. चाचा, ते काळं द्या."

लाकडाची मूठ हातातून सोडवत नव्हती. तरी ठेवली.

परतताना जीपनं लोहा गाव मागं टाकलं. मग भाऊ हळूच म्हणाला, "आक्का, खरंच कुणी वर चढलं तर चालवशील?"

"हाव."

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा भाऊ मला घाबरला होता, आणि मला त्याचं लई बरं वाटलं.